ड्रमने नापास केलेलं समीकरण

माझ्या समीकरणाप्रमाणे बारा तासांत ९५ टक्के तेलाचं बायोडिझेल व्हायला हवं होतं. दुसरा दिवस उजाडला तरी जेमतेम निम्मं तेल बदललं होतं. ड्रम वाळूजच्या एका छोट्या उद्योजकाचा. त्यातलं पन्नास किलो तळणाचं तेल त्यांनी स्वतः हॉटेलं आणि भज्यांच्या गाड्या फिरून गोळा केलेलं. एन्झाइमही त्यांच्याच पैशाने आलेलं. माझे होते ते फक्त आकडे. ते आकडे मी एका परिषदेत छातीठोकपणे मांडले होते आणि ते ऐकूनच हे गृहस्थ माझ्याकडे आले होते.

पहिले काही दिवस मी दोष ड्रमवर ढकलला. तेल फार जळकं असेल, त्यात पाणी राहिलं असेल, ढवळायची मोटर हळू असेल. नाचता येईना अंगण वाकडं, हे दुसऱ्याबद्दल म्हणायला सोपं असतं. माझ्या आलेखातला प्रत्येक बिंदू रेषेवर बसलेला होता, मग चूक माझी कशी असेल? आता वाटतं, संशय यायला हवा होता तो नेमका त्याच गोष्टीचा.

आधी हे काम काय होतं ते सांगते. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी पीएचडी करत होते. १ जुलै २०१८ पासून एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम लागू झाला: तळणाच्या तेलात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल पुन्हा खाण्यासाठी वापरायचं नाही. असं तेल बायोडिझेलकडे वळवावं म्हणून त्याच वर्षी ‘रुको’ हा उपक्रम आला, आणि २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवणारं राष्ट्रीय जैवइंधन धोरणही. माझा विषय या हवेतूनच निघाला.

तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला जोडलेली तीन मेदाम्लं. मेथेनॉलचे तीन रेणू ती एकेक करून सोडवून घेतात. तयार होणारं एस्टर म्हणजे बायोडिझेल, आणि मागे उरतं ग्लिसरीन. किलोभर तेलाला ११० ग्रॅमच्या आसपास मेथेनॉल लागतं. कारखान्यात हे काम सोडियम मेथॉक्साइड किंवा कॉस्टिक सोड्यावर तास-दोन तासांत उरकतात. पण वडे-भजी तळून काळ्या पडलेल्या तेलात सुटी मेदाम्लं असतात. त्यांची कॉस्टिकशी गाठ पडली की साबण होतो आणि सगळा घाणा फेसाळून बसतो. लायपेज हे एन्झाइम सुट्या मेदाम्लांचंही एस्टर करतं, साबण होऊ देत नाही, चाळीस अंशांवर चालतं. अडचण दोनच: ते महाग आहे आणि मेथेनॉलने दगावतं. म्हणूनच किती एन्झाइम, किती मेथेनॉल आणि किती वेळ याचं गणित आधी हातात असेल तर लहान उद्योजकालाही ते परवडेल, असा माझा विचार होता. तो विचार आजही चुकीचा वाटत नाही.

गणित तयारच होतं. लायपेज आधी तेलाच्या रेणूतलं मेदाम्ल स्वतःला जोडून घेतं, उरलेला भाग सोडून देतं आणि मग ते मेदाम्ल मेथेनॉलच्या हवाली करून मोकळं होतं. या आलटूनपालटून देवघेवीला एन्झाइमशास्त्रात ‘पिंग-पाँग’ म्हणतात. हे नाव क्लेलंड यांनी १९६३ मध्ये रूढ केलं. त्याचं वेगाचं समीकरण पुस्तकात आहे. त्यात चार स्थिरांक येतात: कमाल वेग, तेलासाठीचा एक, मेथेनॉलसाठीचा एक आणि मेथेनॉलमुळे होणाऱ्या अडथळ्याचा एक. प्रयोग करायचे, वेग मोजायचे, एक्सेलच्या सॉल्व्हरला द्यायचे, की चारही हातात. मी तेच केलं. आलेख पुस्तकातल्यासारखाच आला: मेथेनॉल वाढवलं की वेग आधी चढला, मग उतरला. असा उंचवटा दिसणं म्हणजे अडथळा सिद्ध झाला, असं मी मानलं आणि पुढे गेले.

ड्रम फसल्यावर मी प्रयोगशाळेत परतले आणि वहीच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली. चूक सापडली ती मात्र वहीत नाही, गाळणीत.

माझं एन्झाइम प्लास्टिकसारख्या रेझिनच्या बारीक मण्यांवर बसवलेलं होतं. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे पांढुरके गोल मणी. काम झालं की ते गाळून, धुऊन पुन्हा वापरायचे. फ्लास्क धुणारे आमचे प्रयोगशाळेतले मामा मला म्हणाले, “मॅडम, ह्याचं तर पीठ व्हायलंय. आधी गाळणीत ऱ्हायचं, आता कापडातून बी निसटतंय.” हे ते मला पूर्वीही म्हणाले होते. तेव्हा मी त्यांना दुपदरी कापड घ्यायला सांगितलं होतं.

या वेळी मी तेच ओलं पीठ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. नव्या डब्यातले मणी वाटाण्यासारखे गोल. वापरलेल्यांत गोल मणी शोधावा लागत होता. बाकी नुसत्या ठिकऱ्या आणि धूळ. मी मॅग्नेटिक स्टरर वापरत होते. फ्लास्कच्या तळाशी फिरणारी ती चुंबकाची कांडी मण्यांना काचेवर अखंड रगडत होती. लायपेज मण्याच्या आतल्या छिद्रांत असतं आणि घट्ट तेलाला तिथवर पोचायला वेळ लागतो. मणी फुटला की आतलं एन्झाइम उघडं पडतं आणि वेग वाढतो. म्हणजे माझ्या ‘कमाल वेगा’त एन्झाइमचा वाटा थोडा आणि कांडीचा फार. ड्रममध्ये पाती सावकाश फिरत होती, मणी शाबूत होते. तिथे तो वेग येणारच नव्हता.

खूण मला आधी दिसली होती, हे जास्त बोचतं. ढवळण्याचा वेग वाढवला की अभिक्रियेचा वेग वाढत जातो, असं मीच नोंदवलं होतं. ढवळण्याने फरक पडत असेल तर आपण एन्झाइम मोजत नसून तेलाचं मण्यापर्यंत पोचणं मोजतोय, किंवा मण्यातच काहीतरी बिघडतंय. बी.टेक.च्या मुलालाही हे शिकवतात. मी काय केलं? स्टररचा सगळ्यात वरचा आकडा निवडला आणि अहवालात ‘इष्टतम’ असं लिहिलं.

मग वहीतल्या तारखा पाहिल्या. एन्झाइम महाग म्हणून प्रत्येक फ्लास्कला नवं घ्यायचं नाही, तेच धुऊन पुढच्या फ्लास्कला घालायचं, असा माझा शिरस्ता होता. त्यात प्रयोगांचा क्रम व्यवस्थित: आधी कमी मेथेनॉल, मग थोडं जास्त, मग आणखी जास्त. नीटनेटकेपणाची सवय, दुसरं काय. पण त्यामुळे मेथेनॉल आणि मण्यांचं वय ही दोन्ही एकत्रच वाढत गेली. सुरुवातीच्या फ्लास्कांत मणी फुटत होते म्हणून वेग चढला. पुढच्या फ्लास्कांत एन्झाइम मरत होतं म्हणून उतरला. तो पुस्तकी उंचवटा असा तयार झाला होता! फुटण्याची आणि मरण्याची बेरीज-वजाबाकी समीकरणाने ‘मेथेनॉलचा अडथळा’ या एका नावावर जमा केली, आणि सॉल्व्हरने तिला दशांशचिन्हानंतर तीन अंकांपर्यंतचं मूल्यही दिलं.

हा फरक पुस्तकापुरता नाही. अडथळा म्हणजे मेथेनॉल आहे तोवर एन्झाइम अडलेलं. मेथेनॉल संपलं की ते पुन्हा कामाला लागतं. मरणं म्हणजे कायमचं गेलं. माझं समीकरण अडथळाच जाणत होतं. म्हणून त्याने सांगितलं, मेथेनॉल दोन हप्त्यांत दिलं तरी चालेल, सुरुवातीला थोडा वेग मंदावेल इतकंच. ड्रममध्ये मी तसंच दिलं. वास्तविक १९९९ मध्येच ओसाकाच्या युजी शिमादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रकारच्या लायपेजवर दाखवून दिलं होतं, की लागणाऱ्या मेथेनॉलपैकी निम्म्याहून जास्त एकदम घातलं तर ते तेलात नीट विरघळत नाही आणि एन्झाइम कायमचं निकामी होतं. त्यांनी मेथेनॉल तीन हप्त्यांत दिलं आणि तेच एन्झाइम ५० फेऱ्यांपर्यंत ९५ टक्क्यांवर चालवलं. हा निबंध माझ्या संदर्भांच्या यादीत होता. मी तो वाचलाही होता. पण स्वतःचा आलेख हाताशी आल्यावर दुसऱ्याचा प्रयोग ‘त्यांच्या परिस्थितीत खरा’ वाटायला लागतो.

तिसरी चूक मे महिन्याची. आमची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. तापमानाचा परिणाम पाहण्यासाठी मी ३५, ४०, ४५ आणि ५० अंशांवर प्रयोग लावले. आमचा वॉटर बाथ जुना, काटा फिरवून तापमान लावायचा. त्यात हीटर होता, थंड करायची सोय नव्हती. नळाचं पाणी नळीतून फिरवून तो थंड ठेवता आला असता. पण जायकवाडी धरण भरलेलं असो की नसो, या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं, आणि त्या दिवशीही ते असं वाहू द्यायला कुणाचा जीव धजत नाही. दुपारी खोलीच चाळिशीला टेकलेली असायची. काटा ३५ वर, पाणी ३९ वर, आणि वहीत ३५. नंतर साधा थर्मामीटर सोडून पाहिला तेव्हा हे कळलं. तो थर्मामीटर त्याच टेबलाच्या खणात होता.

याचा परिणाम गमतीदार झाला. ‘३५’चा वेग खऱ्यापेक्षा जास्त आला, म्हणून तापमान वाढवूनही वेग फारसा वाढत नाही असं दिसलं. त्यावरून काढलेली सक्रियन ऊर्जा बरीच कमी आली. मी आनंदाने लिहिलं, ‘हे एन्झाइम अतिशय कार्यक्षम आहे.’ सक्रियन ऊर्जा कमी येण्याचं दुसरं एक कारण असतं: खरा वेग एन्झाइम ठरवत नसून रेणूंची मण्यांतली वाटचाल ठरवत असते, तेव्हाही ती कमीच येते. म्हणजे चुकीच्या तापमानाने मला जो आकडा दिला, त्याचा मी चुकीचा अर्थ लावला आणि जो इशारा वाचायचा तो कौतुक म्हणून वाचला.

आता आकडेमोड. एम.एस्सी.ला शिकल्याप्रमाणे मी पहिला आलेख लाइनवीव्हर-बर्क पद्धतीने काढला. १९३४ची ही पद्धत: वेगाचा आणि संहतीचा व्यस्तांक घ्यायचा, की वक्राची सरळ रेषा होते. इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरही नव्हते त्या काळात सरळ रेषा ही मोठी सोय होती. पण व्यस्तांक घेताना चुकाही फुगतात, त्याही सगळ्या सारख्या नाही. वेग २० असताना मी १९.५ वाचला तर व्यस्तांक ०.०५० चा ०.०५१ होतो. वेग २ असताना तेवढीच चूक करून १.५ वाचला, तर ०.५० चा थेट ०.६७ होतो. म्हणजे ज्या मंद फ्लास्कांचं रीडिंग सगळ्यात कच्चं, त्यांच्याच हातात रेषेची दोरी. माझे मंद फ्लास्क तर विशेषच कच्चे होते. मी अभिक्रिया किती झाली ते ग्लिसरीनवरून मोजत होते, आणि सुरुवातीचं थोडंसं ग्लिसरीन मण्यांनाच चिकटून बसतं, नमुन्यात येत नाही. पहिल्या तासाचे आकडे म्हणूनच ‘विचित्र’ दिसायचे. मी ते गाळून टाकले. प्रारंभिक वेग मोजायचा आणि प्रारंभच गाळायचा!

पुढे सॉल्व्हर. सुरुवातीचे अंदाज बदलून दिले की तो वेगळेच चार स्थिरांक द्यायचा आणि वक्र मात्र तितकाच छान बसायचा. हे मला कळत होतं. त्यातल्या त्यात ‘पटणारे’ दिसले ते मी निवडले. खरं कारण सोपं होतं. माझ्या प्रयोगांत वेगळा द्रावक नव्हता. तेल हाच कच्चा माल आणि तेच माध्यम. लिटरभर तेलात तेलाचे रेणू मोलभरच असतात, त्याहून संहती वाढवायची सोय नाही. वेग कुठे थांबतो तेच दिसत नसेल, तर कमाल वेग किती आणि तेलासाठीचा स्थिरांक किती, हे वेगवेगळं सांगता येत नाही. दोघांचं गुणोत्तर तेवढं हाती लागतं. दोन्ही दुप्पट केले तरी वक्र तोच. मी त्या दोन्हींना स्वतंत्र मूल्यं देऊन तक्त्यात बसवलं होतं.

या सगळ्या काळात मी मिकाएलिस आणि मेंटेन यांचा १९१३चा मूळ निबंध इंग्रजी भाषांतरात पहिल्यांदा नीट वाचला. त्यांचं नाव मी शेकडो वेळा लिहिलं होतं, निबंध उघडला नव्हता. वाचून चकित झाले. समीकरण म्हणून आपण जे त्यांच्या नावावर सांगतो, त्याचा सांगाडा पॅरिसच्या व्हिक्टर हेन्री यांनी दहा वर्षं आधी, १९०३ मध्येच मांडला होता. बर्लिनमध्ये लेओनोर मिकाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेजवर काम केलं, ते प्रामुख्याने मोजमापाचं. त्यांनी द्रावणाची आम्लता बफरने धरून ठेवली. फुटलेल्या साखरेचं प्रकाशीय वाचन आपोआप सरकत राहतं हे ओळखून अभिक्रिया अल्कलीने थांबवली आणि वाचन स्थिरावल्यावरच घेतलं. आणि वेग घेतला तो सुरुवातीचा, उत्पादिताची लुडबुड सुरू होण्याआधीचा. हेन्रींच्या आकड्यांना जे जमलं नाही ते यांच्या आकड्यांना जमलं ते यामुळे. मी त्यांचं समीकरण उचललं आणि ज्यामुळे ते खरं ठरलं तेवढंच मागे ठेवलं.

दुरुस्तीचं काम कंटाळवाणं होतं, म्हणून थोडक्यात सांगते. मॅग्नेटिक स्टरर बंद केला, वरून फिरणारी पाती आणली. प्रत्येक फ्लास्कला ताजं एन्झाइम घेतलं; खर्च वाढला म्हणून फ्लास्क कमी केले. कोणता फ्लास्क कधी लावायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. थर्मामीटर बाथमध्ये कायमचा सोडला आणि ३५ अंशांचे प्रयोग हिवाळ्यात केले. मेथेनॉलमध्ये राहिलेले मणी धुऊन पुन्हा साध्या मिश्रणात चालवले: वेग परत आला तर अडथळा, नाही आला तर मरण. बहुतेक वेग परत आला नाहीच. शिमादांचं म्हणणं ‘त्यांच्या परिस्थितीत’ नव्हे, माझ्याही टेबलावर खरं होतं. आणि काही फ्लास्कांचे आकडे सॉल्व्हरला दाखवलेच नाहीत. ते परीक्षेसाठी राखून ठेवले. हे आधी केलं असतं तर ड्रमची गरजच पडली नसती.

परिषदेच्या आयोजकांना मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. प्रबंध लांबला. गाईडना सांगणं सगळ्यात अवघड जाईल असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त विचारलं, “वही ठेवली आहेस ना?” वही होती. क्रम, तारखा, स्टररचा आकडा, सगळं तिच्यात होतं. मी चुकले तेही नीट लिहून चुकले होते, म्हणूनच चूक शोधता आली.

अवघड गेलं ते वाळूजला जाणं. त्यांचं मेलेलं एन्झाइम मला भरून देता येणार नव्हतं. मी काय काय चुकलं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग व्यवहाराचा प्रश्न विचारला: “बरं मॅडम, आता किती तास धरू?” पहिल्या वेळी मी ‘बारा’ म्हटलं होतं. या वेळी म्हटलं, मेथेनॉल तीन हप्त्यांत दिलं, तेल ४० अंशांवर राहिलं आणि पाती हीच ठेवली, तर तीस ते चाळीस तास. पाती बदललीत तर मला पुन्हा विचारा, कारण मग हा आकडा चालणार नाही. ड्रम त्या पट्ट्यात बसला.

तरी गोष्ट सुफळ संपूर्ण झालेली नाही. बायोडिझेलच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १५६०७ प्रमाणे, एस्टर किमान ९६.५ टक्के लागतं. आमचा ड्रम त्याच्या अलीकडेच थांबतो; ते इंधन त्यांना स्वतःच्या बॉयलरला चालतं, बायोडिझेल म्हणून विकता येत नाही. मधेच ग्लिसरीन काढून घेऊन ताजं मेथेनॉल दिलं तर तो उंबरठा ओलांडता येईल का, हे माझं सुधारलेलं समीकरण सांगू शकत नाही, कारण अभिक्रिया उलटही फिरते हे त्यात धरलेलंच नाही. नव्या प्रयोगांची मालिका त्यासाठीच लावली आहे. चिठ्ठ्या मामा काढतात, आणि मणी गाळताना कापडाकडे मी स्वतः बघते.